कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या खुर्च्या (लंडनची एक मालिका पाहून)

सूरसागरकाठची · १८ फेब्रुवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहायला बसले.

महिनाभर आमच्या घरी रात्रीची भांडी आवरली की एकच मालिका लागते, '२४ अवर्स इन ए अँड ई'. ब्रिटनच्या चॅनल फोरवर २०११ साली सुरू झालेली. ए अँड ई म्हणजे ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी, आपली कॅज्युअल्टी. यात नट नाहीत, लिहिलेले संवाद नाहीत. दक्षिण लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात पहिल्या वेळी ७० कॅमेरे बसवले, २८ दिवस रात्रंदिवस चित्रण केलं आणि त्यातून एकेका भागात एकेक अहोरात्र दाखवलं. कॅमेरे भिंतीवर आणि छताला, चालवणारी माणसं वेगळ्या खोलीत. समोर कुणी कॅमेरा रोखून उभं नसल्यामुळे लोक आपल्या नादात असतात. कुणी पाय हलवत बसतं, कुणी नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन बसतं.

मी ही मालिका का बघते ते सांगते.

यंदा इथे बडोद्यात उत्तरायणला (संक्रांतीला) नाना (माझे सासरे, वय ८१) धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकले. मनगट वाकडं झालेलं दिसतच होतं, कमरही दुखत होती. रिक्षा करून गेलो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, धागा तक्रारीसाठी काढलेला नाही. संध्याकाळचे साडेसहा. केसपेपर काढला, एका मुलीने बीपी बघितलं, हाताला पट्टी बांधून आधार दिला आणि 'बेसो काका, बोलावशुं' म्हणाली. बसलो. पाऊण तास गेला. तेवढ्यात दारात एक ॲक्टिवा आडवी पडली, मागच्या माणसाने एका पोराला उचलून आत धाव घेतली आणि आम्ही सगळे बसलेलो असताना त्या पोराला थेट पडद्याआड नेलं.

मी उठले आणि काउंटरवरच्या मुलीवर ओरडले. म्हातारा माणूस तासभर बसलाय, दिसत नाही का, ओळखीपाळखीवर आत घेता का. बरंच बोलले. ती काही म्हणाली नाही, मान खाली घालून लिहीत राहिली.

दहा मिनिटांनी तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. पोराचा बाप. त्याच्या उजव्या तर्जनीला मांजाचा गुलाबी दोरा गुंडाळलेला होता, तुटलेला, वीतभर लोंबत होता. पोराच्या गळ्यातून सोडवताना अडकला असणार. अर्धा दोरा रक्त सुकून काळा पडला होता. तो काढून टाकायचं त्याला सुचत नव्हतं. मला म्हणाला, 'बेन, अंदरथी कोई कंई कहे छे?' मी 'ना' म्हटलं. पुढचा दीड तास आम्ही दोघं त्याच दाराकडे बघत होतो. त्याला कुणी येऊन काही सांगितलं नाही. मग नानांना आत बोलावलं आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

ही मालिका पाहून मला दोन गोष्टी कळल्या. एक, आधी आलेल्याला आधी घेणं हा तिथला नियमच नाही. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावं याचं वाईट वाटतं. दुसरी जास्त महत्त्वाची. मालिकेत कितीतरी वेळ रुग्ण दिसतच नाही, बाहेर बसलेलं माणूस दिसतं. पन्नास वर्षांच्या संसाराचं सांगणारा नवरा, मुलाशी अबोला धरलेली आई. आणि मधे मधे आतून कुणीतरी येतं, शेजारी बसतं आणि सांगतं. बातमी चांगली असेलच असं नाही, पण सांगतं.

मला विचारायचंय ते हे, की आपल्या बडोद्यात असं कॅज्युअल्टीचं चित्रण व्हावं का? आणि कॅमेरा असो नसो, त्या खुर्च्यांपर्यंत येऊन दोन वाक्यं सांगणारं कुणी असावं यासाठी काय करता येईल?

मांजलपूरकर · १८ फेब्रुवारी, रात्री ११.२५

ताई, मनापासून लिहिलंत. मालिका मीही पाहिली आहे. त्यातला लाल फोन वाजला की आमच्या घरात सगळे गप्प होतात. ॲम्ब्युलन्सवाले वाटेतून कळवतात, हा असा पेशंट, इतक्या मिनिटांत पोचतोय, आणि आत माणसं आपापल्या जागी उभी राहतात. पेशंट यायच्या आधी कुणी डोक्याशी, कुणी उजवीकडे, हे ठरलेलं.

त्या पोराचं पुढे काय झालं?

सफेद_टोपी · १९ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

मी निवृत्त सिस्टर. ३१ वर्षं नोकरी, त्यातली १४ कॅज्युअल्टीत. पहाटे उठायची सवय सुटत नाही, उठल्याबरोबर हा धागा वाचला.

ताई, त्या पोराला आधी घेतलं ते अगदी बरोबर केलं. मानेच्या बाजूच्या शिरा कातडीच्या लगेच खाली असतात, त्यांच्याहून खोल धमनी, मधोमध श्वासनळी. मांजाची जखम वरून बोटभर दिसते, पण आत रक्त साचून सूज आली तर श्वास कधी अडेल याचा नेम नाही. आमच्या वेळी १४ आणि १५ जानेवारीला सुट्टी मागायचीच नाही हा अलिखित नियम होता. हल्ली दुचाकीच्या हँडलवर तारेची कमान लावतात, ती आधी नव्हती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तुम्ही सांगता तसे गळे येतातच.

कोण जास्त गंभीर ते बघून आधी कुणाला घ्यायचं हे ठरवणं, याला ट्रायाज म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, निवडून वेगळं करणे असा अर्थ. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा सर्जन होता, त्याने हुद्दा न बघता जखम बघून उपचार करायची शिस्त लावली. तुमच्या मालिकेतल्या देशात मँचेस्टरची पद्धत बरीच चालते, तिच्यात पाच रंग. लाल म्हणजे तत्काळ, केशरी १० मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा एवढेच. तुमचे नाना पिवळे. पण खरं सांगायचं तर ८१ वर्षांच्या माणसाची कमर दुखत असेल तर त्यांना खुर्चीवर न ठेवता ट्रॉलीवर आडवं करायला हवं होतं आणि मधे एकदा येऊन पुन्हा बघायला हवं होतं. पिवळ्याचा लाल कधी होतो ते बाहेर बसलेल्याला कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं असतं. तिथे तुमची तक्रार खरी आहे.

आता बाहेर कुणी येऊन का सांगत नाही ते. मी स्वतः कितीदा सांगितलं नाही, म्हणून बोलते. रात्रीला आम्ही दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय, एक आयाबेन. दाराबाहेर पाऊल टाकलं की एकाच्या जागी वीस माणसं उठतात, 'सिस्टर, आमचं काय'. एकाला सांगितलं की बाकीचे एकोणीस चिडतात. म्हणून आम्ही त्या दाराने जाणंच टाळायचो, मागच्या पॅसेजने औषधं आणायचो. आज ते आठवलं की बरं वाटत नाही. त्या बापाला सांगायला अर्धा मिनिट लागला असता. 'भाई, छोकरो श्वास ले छे, डॉक्टर पासे छे.' एवढंच.

बडोदा_ते_टूटिंग · १९ फेब्रुवारी, दुपारी ३.४० (भारतीय वेळ)

मी मूळचा दांडिया बाजारचा, आता अठरा वर्षं लंडनमधल्या टूटिंगला. २०१४ मध्ये ही मालिका किंग्जमधून ज्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात आली ते आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. नंतर ती नॉटिंगहॅमला गेली.

मुलीचा कोपर निखळला तेव्हा आम्ही तिथे गेलो होतो. चित्रीकरण वगैरे तेव्हा चालू नव्हतं. तीन तास वीस मिनिटं बसलो. इकडे सगळं झटपट होतं असा समज कुणी करून घेऊ नये. सरकारचा चार तासांचा नियम आहे. २००४ पासून १०० पैकी ९८ जणांचं चार तासांत काहीतरी ठरलं पाहिजे, घरी पाठवा किंवा भरती करा. २०१० मध्ये तो आकडा ९५ वर आणला आणि २०१५ नंतर इंग्लंडभराचा हिशेब केला तर तोही गाठता आलेला नाही. पॅसेजमध्ये ट्रॉलीवर रात्र काढलेले म्हातारे माझ्या ओळखीत आहेत.

पण फरक कुठे वाटला ते सांगतो. आल्याआल्या नर्सने मुलीला बघितलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं आणि मला म्हणाली, तुमच्या मुलीला धोका नाही, तुमच्या पुढे दोन फार आजारी माणसं आहेत, बहुधा तीन तास लागतील. मग मी बसलो. तीन तास लागतील हे माहीत असलेलं माणूस आणि काहीच माहीत नसलेलं माणूस, खुर्ची तीच असते पण बसणं वेगळं असतं.

आई बडोद्यात एकटी असते. तिला काही झालं तर मी फोनच्या या टोकाला, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या मावशीलाच काही कळत नसेल तर मला काय कळणार? म्हणून हा धागा माझ्यासाठी नुसता मालिकेचा नाही.

रावपुरा_टॉवर · १९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

दुसरी बाजू लिहितो, राग मानू नये.

माझं ठाम मत, कॅज्युअल्टीत कॅमेरा नको. लंडन असो की बडोदा.

अमेरिकेत एबीसी वाहिनीची अशीच एक मालिका होती, 'एन वाय मेड'. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात ट्रकने उडवलेला माणूस आणला, तो गेला. घरच्यांना न विचारता त्याचे शेवटचे क्षण चित्रित झाले. पुढच्या वर्षी त्याची बायको घरी टीव्ही बघत बसली होती. चेहरा धूसर केलेला होता, पण आवाज ऐकून तिने नवऱ्याला ओळखलं. शेवटचं काय बोलला ते तिला टीव्हीवर कळलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१६ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याशी तडजोड करून त्या हॉस्पिटलला २२ लाख डॉलर भरावे लागले. चेहरा मागाहून झाकणं पुरत नाही, आधी परवानगी हवी, असं तेव्हा तिथल्या खात्याने स्पष्ट केलं. तरी २०१८ मध्ये बोस्टनच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांना अशाच दुसऱ्या मालिकेपायी पैसे भरावे लागलेच.

हे कडक कायद्याच्या देशात. आपल्याकडे काय होतं ते मी भोगलंय. माझा मामेभाऊ हायवेवर अपघातात गेला. मामीला फोन करायला आम्ही धीर गोळा करत होतो, आणि तेवढ्या वेळात सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. तिने शर्ट ओळखला. तिनेच इस्त्री करून दिलेला.

त्यामुळे कॅमेऱ्याचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे तो शर्ट येतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. सांगणारं माणूस हवंच, आणि ते मामीला सगळ्यांत आधी सांगणारं हवं.

सूरसागरकाठची · १९ फेब्रुवारी, रात्री १०.३०

रावपुरा दादा, राग कसला. वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

लंडनच्या मालिकेत एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा वेगळी दिसते, तेवढी मांडते. त्यात रुग्ण आणि घरचे मागाहून, सगळं निभावल्यावर, साध्या पडद्यापुढे बसून त्या दिवसाबद्दल बोलतात. म्हणजे ती माणसं पुन्हा आली, आठवली, स्वतः सांगायला तयार झाली. ज्याच्या घरचं माणूस गेलं तोही कधी कधी बोलतो, आणि तो बोलतो तेव्हा ते चोरून घेतलेलं वाटत नाही. तुमच्या मामींना कुणी विचारलंच नाही. हा फरक मला मोठा वाटतो. पण अशी विचारण्याची सवय आपल्याकडे आहे का, तर नाही. मग तुमचं म्हणणं आज तरी खरं ठरतं, हे कबूल करते.

मांजलपूरकर, त्या पोराचं काय झालं ते मला ठाऊक नाही. रोज विचार येतो.

रात्रपाळी · २० फेब्रुवारी, पहाटे ४.१५

मी रेसिडेंट डॉक्टर आहे, कुठला ते सांगत नाही. आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहितो.

आधी रावपुरा काकांना. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापू नये असं आहेच. पण मोबाइल घेऊन ट्रॉलीच्या मागे धावणाऱ्याला ते लागू होत नाही. आम्ही एकीकडे छाती दाबत असतो आणि दुसरीकडे ओरडत असतो, 'फोन बंद करो.'

मालिकेबद्दल माझी एक तक्रार सगळ्याच टीव्हीवर आहे. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या तीन मालिका बघून मोजलं, टीव्हीवर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) दिलेल्यांपैकी ७५ टक्के माणसं त्या वेळेपुरती तरी वाचतात. खऱ्या आयुष्यात याच्या जवळपासही आकडा नसतो. घरचे लोक तो टीव्ही बघून आलेले असतात. मग आम्ही बाहेर येऊन मान हलवली की त्यांना वाटतं, यांनी काहीतरी चूक केली. काचा फुटतात त्या तिथून. लंडनच्या मालिकेत न वाचलेलेही दाखवतात, म्हणून मी ती इतरांपेक्षा खरी मानतो.

आता सांगण्याबद्दल. सफेद टोपी मॅडम, तुम्ही लिहिलंत ते आजही तसंच आहे. इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून आपल्या देशात २००९ मध्ये मान्य झाली, म्हणजे आम्ही अजून नवीनच. श्वासाची नळी कशी घालायची ते मला पन्नास वेळा शिकवलं. गेल्याचं कसं सांगायचं ते एकदाही कुणी शिकवलं नाही.

पहिल्या वर्षाला असताना एका बाईंना मी लिफ्टच्या शेजारी उभं राहून सांगितलं, कारण सांगायला खोलीच नाही. मला 'वारले' हा शब्द उच्चारवेना. मी म्हटलं, 'बेन, अमे बहु कोशिश करी.' त्या हात जोडून म्हणाल्या, 'भगवान तमारुं भलुं करे, तो हवे वॉर्डमां क्यारे लई जशो?' (मग आता वॉर्डात कधी न्याल?) हातात थर्मास होता. त्यांना वाटलं, कोशिश केली म्हणजे जमलं. मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं त्याला कारण मी होतो.

तेव्हापासून मी आधी त्यांना बसवतो, मग मी बसतो. नाव विचारून घेतो, नातं विचारून घेतो. आणि शब्द स्पष्ट वापरतो. खुर्ची नसेल तर जिन्याच्या पायरीवर बसतो. मालिकेत त्यांना नातेवाइकांसाठी वेगळी खोली आहे, सोफा, दार बंद होतं. मला त्यांच्या मशिनींचा हेवा वाटत नाही, त्या दाराचा वाटतो.

बेल वाजली. येतो.

मकरपुरा_डेपो · २० फेब्रुवारी, सकाळी ८.२०

डॉक्टरसाहेबांची पोस्ट दोनदा वाचली.

माझा धाकटा भाऊ १०८ वर पायलट आहे. (१०८ मध्ये ड्रायव्हरला पायलट म्हणतात, मागे पेशंटजवळ असतो तो ईएमटी.) गुजरातमध्ये ही सेवा २९ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. उत्तरायणला त्यांना जेवायला वेळ मिळत नाही, नवरात्रात गरब्याच्या मैदानांवरून छातीत दुखल्याचे कॉल येतात. तो म्हणतो, मागे बसलेले नातेवाईक एकच विचारतात, 'वाचेल ना?' ईएमटीला पेशंटवरची नजर काढता येत नाही, म्हणून पायलट आरशात बघून उत्तर देतो. 'काका, हमणां पोहोंची जईशुं, तमे हाथ पकडी राखो.' हात धरायला सांगितलं की माणूस शांत होतो, हे त्याचं त्याने शिकलेलं.

अजून एक. रस्त्यात कुणी पडलं तर लोक पोलिसांच्या भीतीने हात लावत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्याला नावगाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. कृपया हे घरात सगळ्यांना सांगा. त्या ॲक्टिवावरच्या माणसासारखा बाप प्रत्येक वेळी जवळ नसतो.

कारेलीबाग_७ · २० फेब्रुवारी, दुपारी १.००

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी बहीण (स्टाफ नर्स) ड्युटीवर अडकली. पुढच्या पाळीची माणसं पोचूच शकली नाहीत. दोन रात्री घरी नाही. ती आल्यावर काय बोलली असेल? 'लाइट गेल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून प्रत्येक नातेवाइकापाशी जाऊन सांगितलं की जनरेटर चालू आहे, तुमच्या पेशंटचा ऑक्सिजन चालू आहे. त्या रात्री एकही माणूस ओरडला नाही.' सफेद टोपी मावशींचं अर्ध्या मिनिटाचं म्हणणं मला पटलं ते यामुळे.

मांजलपूरकर · २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

एक सुचतंय. आपल्या मंडळाची पोरं गणपतीत रात्र रात्र जागतात. त्यांच्यातल्या दोघांना आळीपाळीने कॅज्युअल्टीच्या बाहेर बसवलं तर? आत विचारून यायचं, बाहेर सांगायचं.

सफेद_टोपी · २१ फेब्रुवारी, सकाळी ६.००

मांजलपूरकर, भावना चांगली आहे, पण हे नको. मंडळाच्या पोराला आतलं काय कळणार? तो 'ठीक आहे' म्हणून येईल आणि पाच मिनिटांनी पेशंट जाईल, मग मार खाईल. शिवाय रावपुरा दादांचा मुद्दा आहेच, कुणाच्या घरातलं काय दुखणं हे गल्लीतल्या पोराला का कळावं? सांगणारं माणूस पगारी हवं, त्या पाळीचं हवं, रोज तेच काम करणारं हवं. एका सिस्टरला फक्त दार द्या. बाकी काही नाही, फक्त दार. दर अर्ध्या तासाने बाहेर यायचं, प्रत्येक खुर्चीपाशी जायचं. मी हे निवृत्तीच्या आधी एका मीटिंगमध्ये मांडलं होतं. उत्तर मिळालं, आतच माणसं कमी आहेत. ते खोटं नव्हतं. पण आरडाओरडा शमवण्यात आम्हा दोघींचा जेवढा वेळ जायचा तेवढ्यात ते दार सांभाळून झालं असतं.

पोरांना काम द्यायचंच असेल तर हे द्या. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यांच्या औषधांची यादी एका कागदावर, मोठ्या अक्षरात. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून. ॲलर्जी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती सर्वांत वर, तांबड्या पेनाने. कागद फ्रिजवर चिकटवा आणि त्याचा फोटो परदेशातल्या मुलाकडेही असू द्या. नाना पडले त्या रात्री तुम्हाला ही यादी तोंडपाठ होती का, ताई?

सूरसागरकाठची · २१ फेब्रुवारी, रात्री १०.१०

नव्हती, सिस्टर. 'हृदयाची पिवळी गोळी' एवढंच सांगता आलं. आज यादी केली, तांबड्या पेनासकट. टूटिंगच्या दादांना सांगा, त्यांच्या आईंची करायची असेल तर मी जाऊन करून देते. दांडिया बाजार आमच्यापासून पाच मिनिटं.

बडोदा_ते_टूटिंग · २२ फेब्रुवारी, पहाटे २.३०

ताई, व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. आई तुम्हाला खायला घातल्याशिवाय सोडणार नाही.

रावपुरा_टॉवर · २२ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

डॉक्टर, तुमची पहाटेची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली. कॅमेरा नको या मतावर मी कायम आहे. पण तुम्ही जे लिहिलंत ते लोकांनी ऐकायला हवं असंही वाटतं, आणि लेखी ऐकवता आलं, चेहऱ्याशिवाय, हेही बघितलं. जमेल तेव्हा अजून लिहा.

सूरसागरकाठची · २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४०

आज नानांचं प्लास्टर काढायला गेलो होतो. कमरेत फ्रॅक्चर नव्हतं हे तेव्हाच कळलं होतं, हातही चांगला जुळलाय, बोटं जरा आखडली आहेत.

नानांना ओपीडीत बसवून मी कॅज्युअल्टीच्या काउंटरला गेले. ती मुलगी नव्हती, तिची रात्रपाळी आहे. दुसरी होती. मी सांगितलं, उत्तरायणला मी तुमच्या सहकारी मुलीला फार बोलले, माझी चूक होती, तिला सांगाल का? तिने नाव लिहून घेतलं, म्हणाली, 'ए खुश थशे.' मग मी विचारलं, त्या दिवशी मांजाने गळा कापलेला एक मुलगा आला होता, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास, बरा आहे ना तो?

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, 'तमे एना सगां छो?'

मी नाही म्हटलं.

'तो बेन, माफ करजो, ए माहिती अमाराथी ना अपाय.' (ती माहिती आम्हाला देता येत नाही.)

मी तिथेच जरा उभी राहिले, मग खुर्च्यांकडे गेले. त्या माणसाची खुर्ची खिडकीकडून तिसरी होती. तिथे आज एक म्हातारी बसली होती, पिशवीत बाळंतिणीचे कपडे घेऊन. मी तिच्या शेजारी पाच मिनिटं बसले.

सफेद_टोपी · २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.०५

त्या मुलीने बरोबर केलं. तुम्ही तिचं नाव विचारलंत का? मला तिला फोन करायचाय.